आधी ओरडणारं घर

आमच्या टीव्हीवर अधूनमधून एक आकडा उमटतो. लांबलचक, पांढऱ्या अंकांचा. कधी नायिकेच्या कपाळावर, कधी बातम्यांच्या पट्टीच्या जरा वर, कधी खेळपट्टीच्या मधोमध. काही सेकंद थांबतो आणि जातो. मालिकेतल्या कुणालाही त्याचं काही वाटत नाही. सासू बोलायची थांबत नाही, सून रडायची थांबत नाही. पहिल्यांदा तो दिसला तेव्हा आईनं पदरानं काच पुसून पाहिली. ती पुसत असतानाच आकडा गेला, त्यामुळे आपण तो पुसला असं समाधान तिला मिळालं. पुढच्या वेळी आला तेव्हा मात्र तिनं मला हाक मारली.

"हा नंबर कायचा व्हय रे?"

"आपल्या डब्याचा आहे."

"मंग टीव्हीवर कायले दाखवते? आपल्याले आपला डबा माहीत नाई का?"

नियमच आहे तसा. प्रत्येक सेट टॉप बॉक्सला ही सोय असावी लागते. कुणी पडद्यासमोर कॅमेरा लावून सिनेमा चोरला, किंवा आपल्या घरचं चित्र दुसऱ्याच्या वायरीत सोडलं, तर त्या चोरीच्या चित्रातच चोराच्या घराची खूण सापडावी. धंद्यातले लोक याला फिंगरप्रिंट म्हणतात. आईला मी एवढंच सांगितलं की हा डब्याचा अंगठा. ती खूप हसली. रेशनच्या दुकानातल्या मशीनला तिचा अंगठा ओळखू येत नाही. राख, धुणं, तिखट कांडणं यात बोटांच्या रेषा झिजून गेल्या. दुकानदार तिला बोट पुसायला लावतो, दुसरं बोट ठेवायला लावतो, मशीनवर फुंकर मारतो. "माहा अंगठा चालत नाई, आन् या डबड्याचा चालते," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून डब्याकडे थोड्या वेगळ्या नजरेनं पाहू लागली. घरात आपल्याहून जास्त ओळख असलेलं कुणी राहायला आलंय, अशा नजरेनं.

आधीच्या वायरीला असली ओळखपाळख नव्हती. अकोल्यात मोर्णेच्या या काठावरचं जुनं शहर केबलच्या धंद्याला फार सोयीचं. असदगडाच्या बुरुजांपासून राजराजेश्वराच्या देवळापर्यंत आणि जयहिंद चौकातून हरिहर पेठेकडे घरांच्या भिंतीला भिंती, गच्चीला गच्च्या. एक माणूस खांद्यावर वायरीचं वेटोळं घेऊन या टोकाच्या गच्चीवर चढला की खाली न उतरता पार त्या टोकाला निघायचा. वाटेत वाळत घातलेल्या कुरड्या ओलांडायच्या, माकडांना हाकलायचं, कुणाच्या तरी गच्चीवर पाणी प्यायचं. नदीपलीकडे बंगल्यांच्या वस्तीत एका घराला जेवढी वायर लागत असेल तेवढ्यात आमची अर्धी गल्ली व्हायची.

आमच्या भागातल्या केबलवाल्याची आधी व्हिडिओ लायब्ररी होती. १९९१ च्या आखाती युद्धानंतर आकाशातून परदेशी चॅनल येऊ लागले, १९९२ च्या गांधी जयंतीला झी टीव्ही सुरू झालं, आणि गावोगावच्या व्हिडिओवाल्यांनी माडीवर भल्यामोठ्या छत्र्या उभ्या केल्या. त्याच्या धंद्यात कायदा नव्हता, नफा होता आणि हौस होती. रात्री तो व्हीसीआरवर सिनेमा लावायचा नि सगळ्या गल्लीला सोडायचा. कोणता, ते तोच ठरवायचा. कॅसेट मध्येच गुंतली की पडदा निळा व्हायचा आणि कुणीतरी गच्चीवरून त्याच्या नावानं हाक घालायचं. लग्नाचं वऱ्हाड आलेल्या घरानं फर्माईश केली तर सगळ्या गल्लीला 'हम आपके हैं कौन' पुन्हा पाहावा लागायचा. पुढे १९९५ चा कायदा आला आणि या मंडळींना आपल्या धंद्याची नोंदणी करावी लागली, तीही कुठे, तर हेड पोस्टात. आकाशातून येणाऱ्या चित्रांचा हिशोब पत्रं नि मनीऑर्डरी सांभाळणाऱ्या खात्याकडे गेला, हे मला अजूनही आवडतं.

ती वायर नळासारखी होती. अकोल्याला पाणी महानच्या काटेपूर्णा धरणातून येतं, तेही दिवस मोजून, आणि लाइनीवर पहिली असलेली घरं आधी भरून घेतात. शेवटच्या घराला तोटीची सूं-सूं ऐकून समाधान मानावं लागतं. मग कुणी टुल्लू लावतो, त्याचं पाहून दुसरा लावतो, आणि उरलेला दाबही जातो. केबलचं तेच. एका ॲम्प्लिफायरमधून निघालेली वायर घराघरात फाटे फुटत जायची, प्रत्येक फाट्याला थोडं चित्र झिरपून कमी व्हायचं, आणि शेवटच्या घरी नुसत्या मुंग्या. आमचं घर शेवटून तिसरं. म्हणजे दूरदर्शन स्वच्छ, झी बऱ्यापैकी, आणि पुढे आकडा वाढत जाईल तशा मुंग्या वाढत जायच्या.

त्या मुंग्यांबद्दल आज कुणी चांगलं बोलत नाही. मला बोलावंसं वाटतं. मुंग्यांतून पाहायची डोळ्यांना सवय व्हायची. चेहरा पुसट दिसायचा, पण हाच तो खलनायक हे चालीवरून कळायचं. स्कोअरचा आकडा तीन आहे की आठ, यावर भावाभावांत वाद व्हायचे. आई तर मालिका पाहायचीच नाही, ऐकायची. मुंग्यांच्या खरखरीतून येणारा आवाज पकडत वाती वळायची. चित्र अर्धं यायचं, उरलेलं अर्धं घरातली माणसं आपापल्या परीनं भरायची, त्यामुळे एकाच सिनेमाची आमच्या घरात दोन-तीन रूपं झालेली असायची. पूर्ण चित्र नाही, म्हणून कुणी टीव्ही बंद केला नाही.

आमच्या आणि शेजारच्या खालांच्या घरात एकच भिंत. त्या भिंतीला वर, कौलाखाली एक भोक होतं. त्यातून आमची वायर त्यांच्याकडे गेली होती. दोन फाट्यांचा एक स्प्लिटर, बाजारात सहज मिळणारा, त्यानं दोन घरांचं भागत होतं. केबलवाल्याला ठाऊक होतं, पण त्याला खालांच्या हातचा शीरखुर्मा मिळायचा, म्हणून ते भोक त्याला दिसत नव्हतं. महिन्याचे पैसे आम्ही द्यायचो आणि खाला त्याची भरपाई भलत्याच नाण्यात करायच्या: आईच्या ब्लाउजांची शिलाई, कैऱ्यांच्या दिवसांत फोडी करायला दोन हात, आमच्या लग्नघरांत रात्रभर जागणं. वायर ओढली गेली आणि चित्र गेलं की भिंतीवर टकटक व्हायची. इकडून कुणीतरी स्टुलावर चढून पिन हलवायचं. "आली का?" "आली, आली, छोडो!" नाहीतर "गयी वापस." भिंतीच्या आरपार चाललेलं हे संभाषण मी लहानपणापासून चाळिशीपर्यंत ऐकलं आहे.

मग डबा आला. एकदम नाही आला. आधी तो मोठ्या शहरांत आला, २०१२ च्या ऑक्टोबरअखेर मुंबई-दिल्लीकडे. २०१३ च्या मार्चनंतर नागपूरची मावशी फोनवर सांगू लागली, की आमच्याकडे डब्याशिवाय दिसतच नाही, नुसता अंधार. आई म्हणाली, मोठ्या गावाचे मोठे धंदे. आमचं अकोला, अमरावती आणि अशी बाकीची शहरं तिसऱ्या टप्प्यात होती. त्यांना ३१ डिसेंबर २०१५ ही तारीख होती. पण डबे पुरेसे नाहीत म्हणून लोक कोर्टात गेले, तारखा हलल्या, आणि शेवटी ३१ जानेवारी २०१७ ठरली. त्याच्या आदल्या नोव्हेंबरात नोटाबंदी झालेली. ज्या दिवसांत माणसं बँकेच्या रांगेत आपलेच पैसे मागत होती त्याच दिवसांत केबलवाल्याचा पोरगा डब्याचे पैसे मागत दारोदार फिरत होता. त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं होतं. बहुतेकांनी हप्त्यानं दिले. अमेरिकेत जून २००९ मध्ये हवेतून येणारं जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण थांबवलं तेव्हा जुने टीव्ही चालत राहावेत म्हणून तिथल्या सरकारनं डब्यासाठी ४० डॉलरची कूपनं वाटली होती, एका घराला दोनपर्यंत. इकडे कूपन नव्हतं. इकडे केबलवाल्याचा पोरगा होता आणि त्याची "आजी, सावकाश द्या, पन द्या" ही सवलत होती.

डब्यामागे तीन रंगांच्या पिना: पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. आमच्या जुन्या टीव्हीला पिवळीचं भोक सैल होतं. त्यामुळे चित्र काळंपांढरं व्हायचं, आवाज मात्र छान. पोरग्यानं कागदाची घडी करून खाली टेकू दिला, आणि तो टेकू टीव्ही जाईपर्यंत तिथे राहिला. भिंतीतली वायर त्यानं ओढून काढली. आता एका डब्यावर एकच टीव्ही, असं तो म्हणाला. डब्यात कार्ड, कार्डाचा नंबर, नंबरावर नाव, नावावर पैसे. पैसे संपले की नदीपलीकडच्या कंट्रोलरूममधून डबा बंद, गल्लीत यायचीही गरज नाही. खालांच्या मुलानं केबलचा डबा घेतलाच नाही. त्यानं गच्चीवर छत्री लावली. भिंतीतलं भोक आधी चिंधीनं, मग सिमेंटनं बुजलं. भांडण झालं नाही, कुणी रुसलं नाही. पुढे खालांनी आईचे ब्लाउज शिवणंही थांबवलं, पण ते डोळ्यांमुळे.

डब्याच्या सवयी लागायला वेळ लागला. दोन रिमोट झाले. एकानं टीव्ही लागतो, दुसऱ्यानं दिसतो. आवाज कुठल्यानं वाढवायचा हे रोज नव्यानं ठरतं. दोन्हींना प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि रबरबँड. जुन्या टीव्हीवर आईचे नंबर पाठ होते, चार म्हणजे दूरदर्शन, सहा म्हणजे मालिकांचं, अकरावर देवाचं. आता नंबर तीन आकडी झाले आणि तेही मधूनच बदलतात. घराचा पत्ता हलावा तसं एखादं चॅनल रात्रीतून उठून भलत्याच ठिकाणी राहायला जातं, आणि ती कितीतरी वेळ रिकाम्या जागी वाट पाहत बसते. वीज जाऊन आली की डबा लगेच जागा होत नाही. लाल दिवा, मग हिरवा, मग कंपनीचं चिन्ह, मग टक्के. आई त्या वेळात कुकर लावून येते. डब्याचं डोकं गरम राहतं, म्हणून थंडीत मांजर त्याच्यावर बसतं, आणि उन्हाळ्यात, अकोल्याच्या पंचेचाळीस अंशांत, आम्ही कूलरचा झोत जरा त्याच्याकडे वळवतो.

चित्र मात्र लख्ख. मुंग्या नाहीत. जेव्हा आहे तेव्हा पूर्ण आहे, आणि नाही तेव्हा मुळीच नाही. मधला प्रकार म्हणजे चौकोन: चेहऱ्याचे तुकडे होतात, तोंड एकीकडे नि डोळे एकीकडे गोठतात, आवाज अडखळतो. मुंग्यांतून वाट काढता यायची, चौकोनातून नाही काढता येत. तिथे आपल्याला भरायला काही जागाच ठेवलेली नाही.

१ फेब्रुवारी २०१९ पासून आणखी एक गंमत झाली. ज्याचे पैसे द्याल तेच दिसेल. तेव्हा पहिल्या शंभर चॅनलांच्या वायरीचे १३० रुपये, त्यावर १८ टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि त्यापुढे विकतचे चॅनल निवडून घ्यायचे, प्रत्येकावर किंमत छापलेली. केबलवाल्याच्या पोरग्यानं झेरॉक्स काढलेली यादी आणून दिली आणि आईपुढे पेन ठेवलं. सगळं आयुष्य तिनं जे समोर आलं ते पाहिलं होतं. आता तिला विचारलं जात होतं, काय पाहिजे. ती यादीवरून बोट फिरवत गेली. हे तुया बापाचं, म्हणत एका बातम्यांच्या चॅनलवर थांबली. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. हे पोट्ट्यांचं. हे सणावाराला लागते. हे कोनी पाहत नाई, पन असू दे. शेवटी बेरीज चारशेच्या घरात गेली तेव्हा तिनं एकेक खोडायला सुरुवात केली, आणि पहिल्यांदा तिचं स्वतःचंच खोडलं. पोरग्यानं मग आपल्या अकलेनं कंपनीचा एक तयार पॅक लावून दिला. त्यात तिचं आलं, वडिलांचंही आलं, आणि कुणी न मागितलेले वीसेक इंग्रजी चॅनलही आले.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. ते सुरुवातीला आमच्या लक्षातही आलं नव्हतं.

क्रिकेटची मॅच होती. आमच्या पडद्यावर गोलंदाज अजून धावत येत होता, आणि खालांच्या घरातून नातवंडांचा एकच जल्लोष झाला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग आमच्याकडे चेंडू पडला, बॅट फिरली, आणि चौकार. पुढच्या षटकात पुन्हा तेच. त्यांच्याकडे आधी घडत होतं, आमच्याकडे नंतर. त्यानंतर मला कळलं की गल्लीत प्रत्येक घराची वेळ वेगळी आहे. छत्रीवाले एका वेळेत, आमच्यासारखे डबावाले दुसऱ्या, आणि मोबाईलवर पाहणारी पोरं सगळ्यांच्या मागे, कधी कधी अर्ध्या मिनिटानं. पूर्वी वायर एक, चित्र एक, आणि सचिन बाद झाला की सबंध गल्लीतून एकच 'अरेरे' निघायचं. घरं वेगळी होती, क्षण एक होता. आता तो क्षण पायऱ्यापायऱ्यांनी उतरत येतो, आणि गल्लीत आधी ओरडणारं घर ठरलेलं आहे.

हे असं का होतं ते मी एका इंजिनिअर मित्राकडून समजून घेतलं. जुन्या वायरीत प्रत्येक चॅनलला स्वतःची ऐसपैस जागा होती. नव्या पद्धतीत तेवढ्याच जागेत दहा-बारा चॅनल बसवतात, आणि ते बसावेत म्हणून चित्र दाबून पाठवतात. सगळं चित्र पाठवत नाहीत. मागच्या चित्रापेक्षा यात काय बदललं, तेवढंच पाठवतात. भिंत तीच, पडदा तोच, फक्त हात हलला. मग फक्त हात पाठवायचा. आणि काही चित्रं तर अशी असतात, की ती मागच्या चित्रावरून थोडी आणि पुढच्या चित्रावरून थोडी तयार होतात. म्हणजे पुढचं चित्र येऊन पोचल्याशिवाय मधलं पूर्ण होत नाही. म्हणून डबा थांबतो. काही चित्रं हातात जमा होऊ देतो, मागचं-पुढचं जुळवतो आणि मग दाखवतो. प्रत्येक कंपनीचं दाबणं वेगळं, प्रत्येक डब्याचं थांबणं वेगळं. मित्र हे सांगत होता तेव्हा माझ्या मनात वडील होते. ते असताना मला त्यांचं जे वागणं कळलं नाही, ते माझा मुलगा मोठा झाल्यावर कळलं. पुढचं चित्र आल्यावर मधलं भरलं. मित्राला हे सांगितलं नाही. तो मेगाहर्ट्झ सांगत होता.

२०२४ च्या २९ जूनची रात्र. बार्बाडोसला टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. शेवटचं षटक, पहिला चेंडू, मिलरनं उंच मारला. आमच्या पडद्यावर चेंडू हवेत होता, सीमेकडे चालला होता, गेलाच म्हणायची वेळ, आणि भिंतीपलीकडून असा काही कल्लोळ झाला की ताटं वाजली. आम्हाला कळलं, पकडला. तरी आम्ही पाहत राहिलो. सूर्यकुमार धावला, चेंडू वर फेकला, दोरीबाहेर गेला, परत आत आला, पकडला. पुतण्या म्हणाला, मजाच गेली. मला तसं वाटलं नाही. काय होणार हे ठाऊक असताना ते होताना पाहणं, हीही एक बैठक आहे. कीर्तनाला बसणारी माणसं वेगळं काय करतात? पण आधीच्या वर्षी, १९ नोव्हेंबर २०२३ ला, अहमदाबादची अंतिम लढत आपण हरत होतो, तेव्हा भिंतीपलीकडून आधी काही येतंय का याकडे माझा कान होता, आणि तिकडून काहीच येत नव्हतं. आधी ओरडणारं घर गप्प असलं की पुढचं कळतंच.

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदीत दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा लावलं. १९८७ मध्ये ते पहिल्यांदा लागलं तेव्हा आमच्या गल्लीत टीव्ही बोटांवर मोजण्याइतके. ज्यांच्याकडे होता त्यांच्या बैठकीत, ओट्यावर, खिडकीच्या गजांना धरून माणसं. हार घातलेला टीव्ही मी पाहिला आहे. तेहेतीस वर्षांनी तेच राम-सीता, पण आता घरोघरी टीव्ही आणि बाहेर पडायला बंदी. गल्ली इतकी शांत, की प्रत्येक घरातलं ऐकू यायचं. एका घरातून संवाद निघायचा, मग पुढच्या घरातून तोच, मग त्यापुढच्या. रामाचं एक वाक्य आमच्या गल्लीत चार-पाच वेळा बोललं जायचं, दर घराला थोडं उशिरा. मी गच्चीवर उभा राहून ते ऐकायचो. ज्यांच्या घरी छत्री त्यांचा रावण आधी मरायचा.

आणि एक रात्र अशी, की तिच्याबद्दल लिहावं की नाही याचा मी विचार केला. १३ मे २०२३. जुन्या शहरात दंगल झाली. दगड, आग, एकाचा जीव गेला. जमावबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. मोबाईल हातात असून कुणाला काही कळेना. केबल मात्र चालू होती. मग आम्ही डब्यावर आमचंच गाव पाहत बसलो. आमच्या दारापासून चालत जाण्याच्या अंतरावर जे घडलं होतं ते स्टुडिओत गेलं, तिथून ३६ हजार किलोमीटर वर उपग्रहाकडे, तिथून खाली, नदीपलीकडच्या कंट्रोलरूममध्ये, आणि पूल ओलांडून वायरीनं आमच्या बैठकीत. जळणारी तीच गाडी पुन्हा पुन्हा. निवेदक ओरडत होता. भिंतीपलीकडे खालांच्या घरीही तेच चॅनल लागलं होतं, आवाज बारीक केलेला. त्यांचं आधी, आमचं नंतर. निवेदकाचं प्रत्येक वाक्य आधी भिंतीतून यायचं, दबलेलं, मग आमच्या टीव्हीतून, मोठं. बऱ्याच वेळानं आईनं उठून भिंतीवर टकटक केली. पिन हलवायची असायची तेव्हा करायची तशी. थोड्या वेळानं तिकडूनही टकटक झाली. दोघींपैकी कुणीच काही बोललं नाही, आणि आईनं आवाज बारीक केला.

डब्यावर एक लोकल चॅनलही आहे, बहुतेक शहरांत असतं तसं. त्यावर एरवी साड्यांच्या सेलच्या जाहिराती, शिकवणी वर्गांचे गुणवंत आणि वाढदिवसाचे फोटो. पण श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी त्याचं सोनं होतं. त्या दिवशी अकोल्यात कावड असते. गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरून पोरं अनवाणी निघतात, रात्रभर चालून सतरा-अठरा किलोमीटर तोडतात आणि राजराजेश्वराला ते पाणी वाहतात. पालख्या, ढोल, आणि एकेका कावडीला टांगलेली शेकडो भरणी. ती खांद्यावर घेताना बांबू वाकतो ते पाहून अंगावर काटा येतो. आईचे गुडघे गेल्यापासून ती चौकात जात नाही. ती खुर्ची टीव्हीसमोर ओढते आणि खिडकी उघडी ठेवते. ढोल आधी खिडकीतून येतो, मग टीव्हीतून. मिरवणूक दारावरून पुढे सरकली तरी टीव्हीत ती अजून यायचीच असते. दोन्ही आवाज एकमेकांत अडकू लागले की ती टीव्हीचा आवाज बंद करायला सांगते. मग चित्र डब्याचं आणि आवाज खिडकीचा, आणि त्यांचा मेळ बसत नाही याचं तिला काही नाही.

यंदा माझा पुतण्या पहिल्यांदा कावडीत होता. दुपारी पाणी वाहून तो घरी आला, पायांना फोड, खांदा सोललेला, आवाज बसलेला. आईनं त्याच्या खांद्याला हळद-तेल लावलं, कढी-गोळे वाढले. लोकल चॅनलवाल्यांनी संध्याकाळी सगळी मिरवणूक पुन्हा लावली. आई खुर्ची आणखी पुढे ओढून बसली, चष्म्याची काच पुसली, आणि गर्दीतला एकेक चेहरा पाहू लागली. पोरगं तिच्याच बाजूला खाली बसून, घमेल्यातल्या कोमट पाण्यात पाय सोडून, सांगत होतं: आजी, आमची कावड कुठं अडकली होती, पुलावर काय झालं, कोणाला चक्कर आली.

"गप बस ना बाप्पा जरासा," आई पडद्यावरची नजर न काढता त्याला म्हणाली. "माहा नातू येऊन राह्यला आता."